फ्लॉरेन्समधलं पावणं

सुट्टीचे दिवस जवळ आले की कोल्हापुरात हल्ली दोनच विषय निघतात. यंदा उसाला दर किती, आणि तुमचं युरोप झालं का. पहिल्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, दुसऱ्याचं मात्र फोटोसकट मिळतं.

दहा देश, पंधरा दिवस आणि रोज भारतीय जेवण. या हिशेबात इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या वाट्याला एक दिवस येतो आणि त्यातला अर्धा पिसाचा कलता मनोरा तळहातानं सावरण्यात जातो. उरलेल्या अर्ध्या दिवसात युरोपातला प्रबोधनकाळ उरकायचा असतो. आमच्या मंडळींना ते जड जात नाही. पुण्याहून येणाऱ्या पै-पाहुण्यांना अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा हे सगळं एका दिवसात घडवून रात्रीच्या गाडीत बसवण्याचा सराव आहे.

तर सकाळी बस शहराबाहेर सोडते. पुढे झेंडीवाला गाइड, मागे भडंगाच्या पिशव्या. पहिला मुक्काम कॅथीड्रलचा घुमट. ब्रुनेलेस्कीनं तो १४३६ साली पुरा केला आणि वर जायला ४६३ पायऱ्या आहेत. जोतिबाचा डोंगर अनवाणी चढणारी माणसं हा आकडा ऐकून खालीच थांबतात आणि घुमट फोटोत मावत नाही म्हणून रस्त्यावर आडवी होतात.

मग मायकेलअँजेलोचा डेव्हिड. मूळ पुतळा १८७३ सालीच चौकातून उचलून अकादमीत नेला. तिथं तिकीट आणि रांग. चौकात उभी आहे ती नक्कल, पण फुकट. तेवढ्यावर आमचं समाधान होतं, कारण पुतळ्याकडे कोल्हापूरकर कलेच्या नजरेनं बघतच नाही, तालमीच्या नजरेनं बघतो. 'हात डोक्याएवढं मोठं हायत, पण उभं राहणं पैलवानाचं न्हाई,' असा निकाल लागतो. लंगोटाबद्दलचा शेरा बायका पुढे गेल्यावर हळूच मारला जातो.

पोन्ते वेक्यो या जुन्या पुलावर मात्र खरा खल होतो. पुलावर दोन्ही बाजूंना सोन्याची दुकानं, म्हणजे नदीवर बांधलेली गुजरीच. तिथं पूर्वी खाटीक बसत. १५९३ साली ग्रँड ड्यूकनं दुर्गंधीचं कारण सांगून त्यांना उठवलं आणि सराफ बसवले. ही गोष्ट गाइड कौतुकानं सांगतो आणि आमच्या घोळक्यात सन्नाटा पसरतो. सोन्यासाठी मटणाचं दुकान हलवलं? असल्या राजाचं राज्य टिकलं कसं?

दुपारी पनीर आणि डाळ तडका. मग चामड्याचा बाजार, दीड तास. तिथली पर्स उलटीपालटी करून 'आपल्या सुभाष रोडला ह्याच्या निम्म्यात मिळती' असं म्हणायचं आणि घ्यायची. संपला दिवस. झालं फ्लॉरेन्स.

पण त्याच जुन्या पुलापासून आर्नो नदीच्या काठानं चार-पाच किलोमीटर खाली गेलं की काशीने नावाच्या लांबलचक बागेच्या टोकाला मुन्योने नदीचा संगम लागतो. तिथं नक्षीदार छत्रीखाली, फेटा बांधलेला, विशीतला एक तरुण बसलाय. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते विलायत बघायला गेले. इंग्लंड पाहिलं, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोज डायरी लिहिली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची रीत त्या शहरात नव्हती. खास परवानगी काढून संगमावर चिता रचली. १८७४ साली, म्हणजे शाहू महाराज जन्मले त्याच साली, तिथं स्मारक झालं. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा, छत्री मेजर मँटची. हा तोच मँट, ज्यानं आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा आखला. म्हणजे पावणंही कोल्हापूरचं आणि घराचा आराखडा करणाराही कोल्हापूरच्या कामावरचा. १८७२ साली ती डायरी लंडनमध्ये छापून निघाली. युरोप सहलीचं वर्णन लिहिणारा आपल्या गावचा हा आद्य प्रवासी, आणि त्याचंच ठिकाण सहलीत नाही.

फ्लॉरेन्सकरांनी त्यांच्यापुरती सोय केली आहे. स्मारकाला ते 'इंदियानो' म्हणतात. शेजारी १९७८ साली तारांवर तोललेला मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव. रोज हजारो मोटारी आमच्या महाराजांच्या नावावरून जातात आणि आत बसलेल्या कुणालाही कोल्हापूर कुठं आहे हे ठाऊक नसतं. त्यांना दोष द्यायला तोंड हवं. कोल्हापूर ठाऊक असलेले लोक त्याच शहरात दीड तास पर्स बघत असतात.

आम्हाला अभिमान नाही असं कुणी म्हणू नये. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाची पोरं कोल्हापुरी घालून चालली आणि गावाचं नाव घेतलं नाही, तेव्हा पायताणाच्या हक्कासाठी आम्ही कसे पेटून उठलो! २०१९ सालचं भौगोलिक मानांकन प्रत्येकाला तोंडपाठ झालं. शेवटी त्या कंपनीनं मूळ मान्य केलं, माणसं इथं पाठवली. ते योग्यच झालं, कारागिरांचा हक्क आहे तो. पण इटलीत कोल्हापूरचं नाव दीडशे वर्षं 'इंदियानो'मध्ये विरघळून गेलंय, त्यावर एकही मोर्चा नाही. त्यात विकण्यासारखं काही नाही, ही अडचण असावी.

कुणी हौशी माणूस वाट वाकडी करून जातो, नाही असं नाही. पण सहल ठरवणाऱ्या एका गृहस्थांना मी सुचवलं, की काशीनेला अर्धा तास द्या. ते म्हणाले, 'सर, तिथं बसायला सावली आहे, पण बसला पार्किंग नाही. आणि तो अर्धा तास कुठून काढू? पिसाचा काढला तर पब्लिक पैसे परत मागंल.' चामड्याच्या बाजारातून काढा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी मटणाच्या दुकानाबद्दलच बोललो होतो.

मग नुकतेच जाऊन आलेले एक शेजारी गाठले.

'आण्णा, फ्लॉरेन्सला पुतळा बघितला काय?'

'बघितला की. दोनदा. चौकात एक, टेकडीवर एक.'

'डेव्हिडचा न्हवं. राजाराम महाराजांचा.'

आण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. 'राजाराम महाराज गेले सिंहगडावर. आम्हाला इतिहास शिकवायचा न्हाई.'

आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. मनोरा सावरताना.