सगळ्यांचं लक्ष आहे

उन्हाळा लागला की विदर्भातल्या घराघरांत माळ्यावरून कूलर उतरतो आणि रेल्वेतून पुण्या-मुंबईची नातवंडं उतरतात. तयारी कूलरची आधी होते. त्याला नव्या ताट्या लागतात, नवा पंप बसतो, पत्र्याला चंदेरी रंगाचा हात मिळतो. नातवासाठी आंब्याची पेटी येते. बाकी घर जसंच्या तसं.

कूलर सुरू झाला की मामा पाहुण्यांना घरचा नियम सांगतो, "करंट मारते थोडा. चप्पल घालून हात लावा." नव्या सुनेला देवघरातलं सोवळं-ओवळं सांगावं, तसं हे जावयाला सांगितलं जातं. हा बिघाड आहे, असं म्हणणाऱ्याला घरात मान नाही. अडीच वर्षांच्या नातवाला तेवढं सांगायचं राहतं, आणि तो चप्पल घालतही नाही. तो अनवाणी, टबातून नुकता उठलेला, ओलाचिंब. वरून कूलरच्या टाकीत खुळखुळणारं पाणी ही त्याच्या दृष्टीनं या घरातली सर्वांत देखणी वस्तू. दोन पिनांचा प्लग, चिकटपट्टीनं गुंडाळलेला वायरचा जोड, पाण्यात बुडालेला पंप आणि सगळ्याभोवती उघडा पत्रा.

"काऊन भेता? एमसीबी आहे ना!" मामा धीर देतो. एमसीबी आहेच, पण तो वायर वाचवायला. १६ अँपिअरचा असेल तर १६ अँपिअरपर्यंत तो डोळे मिटून बसतो, आणि माणूस दगावायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी करंट पुरतो. माणसासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं यंत्र असतं. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ते क्षणात वीज तोडतं. त्यासोबत तीन पिनांचा प्लग, धड अर्थिंग आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवायची सवय. पण हे सगळं "पुढच्या सीझनले पाहू" या खात्यात जमा आहे. यंदाचं बजेट दारावरच्या कॅमेऱ्यात गेलं. चोर आला तर मामाला आता मोबाइलवर दिसेल.

मग पाण्याचा विषय. नळ रोज येत नाही, म्हणून आला की घरातलं सगळं भांडंकुंडं भरून घ्यायचं. मोरीत बादल्या, अंगणात निळा ड्रम, गच्चीवर टब. सगळी उघडी, कारण झाकण सतत काढायला लागतं. रांगत्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. मूल बादलीत वाकलं की डोक्यावर उलटतं आणि त्याला परत उठता येत नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं. पण बुडणं म्हणजे काय, हे आपण सिनेमातून शिकलो आहोत: हात वर, आरडाओरडा, मग नायकाची उडी. बादलीतलं मूल ओरडत नाही. इकडे बैठकीत मात्र "आवाज नाही म्हणजे शहाण्यासारखं खेळतंय" असं म्हणून पत्त्यांचा पुढचा डाव वाटला जातो.

औषधांच्या बाबतीत घरात शिक्षणावर भर आहे. नातू सिरप घेत नाही, तेव्हा आजी त्याला "चॉकलेट आहे रे, राजा" म्हणून ते पाजते. पोरगं हुशार. चार दिवसांनी ते आजीच्या उशीखालची शुगरची गोळी चॉकलेट म्हणून खातं आणि सगळे म्हणतात, याला हे कोणी शिकवलं? फिनाइल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं असतं, कारण बाटली चांगली होती, फेकवली नाही. ते कोणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला शेजारच्या काकू तयार असतात. फिनाइल, ॲसिड, रॉकेल यांत उलटी करवली की घसा दुसऱ्यांदा भाजतो किंवा विष फुप्फुसात उतरतं, हे काकूंना सांगणार कोण? १०८ला फोन लावायचं कोणाला सुचत नाही. फोन नातवाकडे असतो.

रिमोटमधला चपटा सेल गिळला आणि अन्ननळीत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. घरचा इलाज: केळं खाऊ घाला, उद्या पडेल. शेंगदाणा घशात अडकला तर "वर बघ, चिमणी बघ!" चिमणी बघून झाली, पोर निळं पडलं, तरी खांद्यांच्या मधोमध जोरात थापा मारायला कोणाचा हात उठत नाही. लाडका नातू ना!

खिडकीखाली पलंग आहेच. वारा तिथेच लागतो. बाल्कनीला जाळीही आहे, कबुतरांसाठी बसवलेली. मुलासाठी तिच्याजवळ प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे.

तरी या घरात मुलाकडे दुर्लक्ष होतं, असं म्हणायची कोणाची हिंमत नाही. सात मोठी माणसं आहेत. आई अंघोळीला जाताना म्हणते, "लक्ष ठेवा हं." हे ती नेमकं कोणाला म्हणाली, ते सातांपैकी प्रत्येकाला ठाऊक असतं: दुसऱ्याला.

परवा जावयानं जेवताना एक प्रस्ताव मांडला. तासाला एकच माणूस नेमायचा. त्यानं मोबाइल बाजूला ठेवायचा, आणि उठताना पुढच्याचं नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं, "आता तुमच्याकडे." प्रस्तावावर सविस्तर चर्चा झाली. मामाचं वर्क फ्रॉम होम आहे. मावशीची मालिका आहे. "आम्ही पाच पोरं वाढवली, पाळ्या नाही लावल्या," आजी म्हणाली. आजोबांना नाव घेऊन काम सांगणं बरं दिसत नाही, हे तर जावयालाही पटलं.

शेवटी सर्वानुमते ठरलं की, सगळ्यांनीच लक्ष ठेवायचं. आजोबांनी तसं घरच्या ग्रुपवर टाकलं. सहा जणांनी अंगठा दाखवला. सातवी भाकऱ्या करत होती, ती आतून ओरडली, "अहो, बाळ तुमच्यातच आहे ना?"

"हो, हो," बैठकीतून सगळे एकदम म्हणाले.