दोन नव्या टायरांची नेमणूक

चारही टायर एकदम बदलण्याची ऐपत असलेल्या गाडीमालकाला हा प्रश्न पडत नाही. एकही न बदलण्याचे धाडस असलेल्यालाही पडत नाही. उरतो तो मधला मोठा वर्ग: मे महिन्याच्या अखेरीस, मुलांची फी भरून झाल्यावर आणि पहिला पाऊस यायच्या आत, ‘सध्या दोनच टाकू’ या निर्णयाला आलेला. नवी मुंबईत हा वर्ग ऐरोलीपासून पनवेलपर्यंत पसरलेला आहे. त्याला दोन टायर मिळतात आणि त्यांच्याबरोबर एक वाद फुकट मिळतो. हे पुढे बसवायचे की मागे?

पहिली पायरी मते गोळा करण्याची. ती टाळता येत नाही, कारण गाडीच्या मालकाने न विचारताही मते सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरून येतात. निवृत्त अभियंता असलेले काका ‘पुढे’ म्हणतात आणि इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक असे तीन मुद्दे बोटांवर मोजतात. मेहुणा ‘एक पुढे, एक मागे’ सुचवतो, म्हणजे कोणावर अन्याय नको. सासरे नवे टायर जपून वापरण्याच्या मताचे असतात. त्यांच्या मते निदान एक तरी स्टेपनीत ठेवावा, वेळेला उपयोगी पडतो. चौथे मत टायरवाल्याचे. ते बहुतेक वेळा गाडी जॅकवर चढल्यानंतर, म्हणजे ज्या बाजूची चाके आधी उघडली त्या बाजूचे असते.

दुसरी पायरी मोजमापाची, आणि ती बहुतेक जण गाळतात. प्रत्येक टायरच्या खाचांमध्ये रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. त्यांची जागा टायरच्या कडेवरच्या बारीक त्रिकोणाने दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की खाच १.६ मिमी उरली आणि टायर कायद्याने बाद झाला. नवा टायर साधारण ७ ते ८ मिमी खोलीने आयुष्याला सुरुवात करतो. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र कायद्याची वाट पाहत बसत नाही. ३ मिमीच्या खाली गेलेल्या टायरने पावसाळा काढू नये, असा या धंद्यातला जुना सल्ला आहे. त्याच कडेवर चार आकडे छापलेले सापडतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘एकदम नवा माल’ हे वाक्य ऐकल्यावर हे आकडे वाचण्याची सवय चांगली.

आता मतांची छाननी. स्टेपनीचा प्रस्ताव सगळ्यात आधी फेटाळावा. डिकीतल्या अंधारात रबर वापराविनाच म्हातारे होते, आणि पामबीच रस्त्यावर गाडी घसरते तेव्हा डिकीतला टायर तिला काडीची मदत करत नाही. ‘एक पुढे, एक मागे’ हा प्रस्ताव घरगुती शांततेसाठी उत्तम आणि गाडीसाठी वाईट. एकाच अ‍ॅक्सलवर डावीकडे ८ मिमी आणि उजवीकडे २ मिमी असले की ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच दोन चाकांची पकड वेगवेगळी होते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. वाटणीत समानता हवीच असेल तर ती डाव्या-उजव्यात ठेवावी.

उरले काका. त्यांचे तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि अडचण तीच आहे. रोजच्या वापरातल्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन पुढे असते, ताकद पुढच्या चाकांना मिळते, वळणेही तीच घेतात, आणि ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते. म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. त्यावरून ‘जे झिजले ते काढा आणि तिथेच नवे घाला’ हा निष्कर्ष इतका सरळ वाटतो की तो तपासायची गरज कोणाला भासत नाही. ट्रकचालकांचा अनुभवही याच बाजूने उभा राहतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा तुर्भ्याच्या एपीएमसीत उभ्या असलेल्या ट्रकांना रिमोल्ड टायर मागे आणि चांगले पुढे लावलेले दिसतील, आणि ट्रकसाठी ते बरोबरच आहे: मागे जोडटायर असतात, एक फुटला तर शेजारचा भार घेतो, पुढे एका बाजूला एकच. कारच्या मागे मात्र जोडटायर नाहीत. ट्रकचा नियम कारला लावणे ही चूक बहुधा इथूनच आली असावी.

कारसाठी उत्तर उलटे आहे, आणि ते पाण्यामुळे उलटे आहे. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. खाडीकाठच्या सखल जमिनीवर तिने शहर वसवले आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी अडवून धरायला धारण तलाव बांधले. तरीही मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका मुहूर्तावर आले की रस्त्यावर पाण्याचा थर उभा राहतो. टायरच्या खाचांचे काम हे पाणी बाजूला काढण्याचे. खाच पुरेनाशी झाली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. १९६० च्या दशकात नासाच्या अभियंत्यांनी विमानांच्या टायरांवर याचा अभ्यास केला. पाणी खाचेपेक्षा खोल असेल तर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असे त्यांचे सूत्र सांगते. ३३ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९५ किमी येतो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किमी आहे. म्हणजे पाणी साचलेले असेल तर कायदा पाळूनही तरंगता येते. ८ मिमीच्या खाचेला बुडवायला बरेच पाणी लागते. २ मिमीच्या खाचेला पावसाची एक जोरदार सर पुरते, म्हणून आधी तरंगतो तो झिजलेला टायर.

आता तो झिजलेला टायर कुठे आहे, यावर पुढचे सगळे ठरते. तो पुढे असेल तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळच जाते. प्रसंग वाईट, पण समजणारा: स्टिअरिंग हलके पडते, चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो आणि चाके पुन्हा रस्ता पकडतात. घाबरल्यावर माणूस जे आपोआप करतो तेच इथे नेमके उपयोगी पडते. झिजलेला टायर मागे असेल तर गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. मागची चाके चालकाच्या हातात काहीच कळवत नाहीत. नोटीस लागते ती थेट कठडा समोर दिसल्यावर. शिवाय इथे घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडणे किंवा ब्रेक दाबणे गोष्ट बिघडवते, कारण वजन पुढे सरकते आणि मागचे टायर आणखी हलके होतात. शेपूट आवरायला स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेने, क्षणात आणि नेमके तितकेच फिरवावे लागते. वाहन परवान्याच्या चाचणीत रिव्हर्स पाहिला जातो, हे पाहिले जात नाही.

म्हणून नवे टायर मागे. ताकद पुढच्या चाकांना मिळत असली तरी मागे, मागच्या चाकांना मिळत असली तरी मागे. मिशलिनसारख्या टायर कंपन्या हेच सांगतात. गाडीत ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) असल्याने नियम बदलत नाही. ते यंत्र उरलेली पकड वाटून देते, नसलेली तयार करत नाही. चारही टायर झिजलेले असतील तर मात्र दोन बदलून प्रश्न सुटत नाही, अर्धाच राहतो. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये झिजलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशापाशीच अडवायला सुरुवात केली, तेव्हा ‘मागचे नवे आहेत’ हा बचाव पुढच्या गुळगुळीत टायरांना चालण्यासारखा नव्हता.

अपवाद थोडे आहेत. चारही चाकांना सतत ताकद देणाऱ्या गाड्यांत पुढच्या-मागच्या झिजेत फार तफावत चालत नाही, यंत्रणेवर ताण येतो. तिथे कंपनीची पुस्तिका सांगेल ते. ज्या महागड्या गाड्यांत मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, तिथे अदलाबदल शक्यच नसते आणि त्यांच्या मालकांना दोनच टायर परवडण्याची वेळही सहसा येत नाही.

दुकानातली कृती अशी. पुढचे झिजलेले काढावेत, मागचे बरे असलेले पुढे न्यावेत, नवे मागे बसवावेत. याचा अर्थ चार चाके उघडावी लागतात आणि मजुरी वाढते. ‘दोन टायरांसाठी चार चाके कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने वरचा मजकूर पुन्हा वाचावा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाके त्याच बाजूला ठेवावी. बॅलन्सिंग चारही चाकांचे करावे आणि अलाइनमेंट तपासून घ्यावी. हवा ‘पस्तीस टाका’ या लोकप्रिय मंत्राने न भरता दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलेली भरावी. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

हा क्रम पाळला की एक सोय आपोआप होते. नवी जोडी दर वेळी मागे रुजू होते, तिथली आधीची बढती मिळून पुढे जाते आणि पुढची निवृत्त होते, त्यामुळे कोणताही टायर मागच्या बाजूला वर्षानुवर्षे पडून कडक होत नाही. टायरचे बिल गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे. पुढच्या मे महिन्यात काका पुन्हा खाली येतील तेव्हा कोणती जोडी कधीची, हे बोलण्यातून ठरवावे लागणार नाही.