प्रोत्साहनावर पगार होत नाही

१ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात मुलांसाठी आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर केलं. लगेच पुढे सांगितलं की पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालयं उभारायला राज्यांना प्रोत्साहन देऊ. प्रोत्साहनावर ग्रंथपालाची चूल पेटत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयं राज्यघटनेनं राज्यांकडे सोपवली आहेत. म्हणून घोषणा दिल्लीनं करायची आणि खर्च राज्यानं निस्तरायचा, असं चाललंय. केंद्राचा पैसा खाली येतो तो मुख्यतः कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानातून. १९७२ सालची ही संस्था कामाची आहे, तिनं पुस्तकं पोचवली आहेत. पण तिच्या समान निधी योजनेत राज्यानं आपला वाटा टाकला तरच केंद्राचा वाटा मिळतो. ज्या राज्याला ग्रंथालयांची पर्वा नाही, तिथल्या वाचकाला दिल्लीचाही हात आखडता. गरज मोठी तिथेच मदत तोकडी, हा सरळ अन्याय आहे.

राष्ट्रीय धोरण? डी. पी. चट्टोपाध्याय समितीनं ग्रंथालय आणि माहिती धोरणाचा मसुदा १९८६ मध्येच सरकारच्या हाती दिला. त्याचा कायदा आजवर झालेला नाही.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि दर्जानुसार अनुदान. २०२२ मध्ये त्यात साठ टक्के वाढ झाली, गाजावाजाही झाला. त्या वाढीनंतर ‘ड’ दर्जाच्या वाचनालयाला वर्षाला किती? ४८,००० रुपये. महिन्याचे ४,०००. यात वीजबिल, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं, कपाटाची दुरुस्ती आणि ग्रंथपालाचा पगार! वर्गणी म्हणाल तर लहान गावात ती जमते किती? गावातली पुस्तकं जपणाऱ्या माणसाला रोजगार हमीवरच्या मजुराएवढंही देता येत नाही, याची मला मनापासून चीड आहे.

या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही, आणि दुखणं तिथेच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या आग्रहानं झालेल्या मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात तो आहे, घरपट्टीबरोबर वसूल होतो. कर्नाटकात आहे, केरळात आहे. शेजारच्या गोव्यानं तर दारू आणि बिअरवरच्या अधिभारातून ग्रंथालयांची सोय केली. चेन्नई, बंगळुरूच्या महापालिका वसूल केलेला उपकर वेळेवर ग्रंथालयांना देत नाहीत, अशी ओरड होते. ती खरीच आहे. पण तिथे थकबाकी मागता येते, हिशेब विचारता येतो. आपल्या वाचनालयांना मागायला हक्काची रक्कमच नाही. राज्याच्या अर्थमंत्र्यांची मर्जी आणि अनुदानाच्या हप्त्याची वाट, एवढंच हाती.

तेव्हा १९६७ चा कायदा दुरुस्त करा आणि घरपट्टीत ग्रंथालय उपकर आणा. चार-दोन रुपये जास्त भरायला वाचणारा महाराष्ट्र कुरकुरणार नाही. त्या पैशातून आधी ग्रंथपालाचा पगार, मग पुस्तकं, मग छप्पर. संगणक सगळ्यांत शेवटी.