पास्टीला रस्सा कुठाय?

आमच्या मारेगावकडे ज्याच्यासोबत रस्सा येत नाही ते जेवण नसतं, फार तर चहासोबतचं काहीतरी असतं. पोह्यांवरसुद्धा तर्री ओतणारा हा मुलूख. इथे भाच्याने इंग्लंडातून सुट्टीवर येऊन कॉर्नवॉलची मटणाची पास्टी करायची घोषणा केली आणि वाढायचे नियमही सांगितले. ताट नको, काटाचमचा नको, रस्सा तर नकोच. हातात धरायची आणि एका टोकाकडून खात सुटायचं.

"मंग भात कशाशी कालवाचा रे?" मोठ्या वहिनींनी विचारलं.

"भात नसतोच, मामी."

वहिनींनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पदार्थ म्हणाल तर भट्टीत भाजलेली दांडगी करंजीच. आत मांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमच्या कुळातला कंद. मसाला म्हणजे मीठ आणि मिरपूड, यादी संपली. 2011 मध्ये युरोपीय संघाने हिला भौगोलिक मानांकन दिलं. मुरड बाजूलाच हवी, सारण कच्चंच भरायला हवं, गोमांस किमान साडेबारा टक्के हवं. साडेबारा! पंगतीत या हिशेबाने मटण वाढलं तर आमच्याकडे सोयरीक मोडेल.

गोमांसाचा प्रश्न महाराष्ट्राने 2015 च्या कायद्याने मिटवलाय, तेव्हा बोकड आला. पण कच्चं सारण वहिनींना नामंजूर. "बोकड होय तो, आलू नाही. वरचं जळून कोळसा होईन अन् आतलं तसंच राहीन." मग खिमा आणला आणि सावजी मसाल्यात परतला. स्वीड सोडाच, सलगमही मिळाला नाही, त्याच्या जागी मुळा गेला. मुळ्याबद्दल अधिक बोलत नाही. भाजायला बेकरी गाठली; टोस्ट काढून झाल्यावर भट्टीवाल्याने जागा दिली.

पास्ट्या घरी आल्या. पहिला घास घेऊन काका बराच वेळ चावत राहिले, मग पाणी प्यायले, मग म्हणाले, "काऊन रे, रस्सा काऊन नाही केला?"

यावर भाच्याने इतिहास काढला. कॉर्नवॉलच्या कथील-तांब्याच्या खाणीत उतरलेला माणूस दुपारी वर येऊ शकत नसे. हात मळलेले, त्यात आर्सेनिकची भीती. म्हणून मुरडीला धरून खायचं आणि मुरड फेकून द्यायची. गोष्ट छान आहे, पण जुन्या छायाचित्रांतले खाणकामगार कापडात किंवा कागदात गुंडाळलेली पास्टी खाताना दिसतात. गुंडाळलेली असेल तर मुरड फेकायची कशाला? काकांना ही बाजू लगेच पटली. मुरड त्यांनी खाल्ली होती.

माझं म्हणणं वेगळं आहे. खाणी आमच्याही शेजारी आहेत. वणीकडे वेस्टर्न कोलफील्ड्सचा कोळसा निघतो, तोही बराचसा उघड्या खाणींतून. तिथे सावली गाठून डबा उघडता येतो, भाकरीवर ठेचा घेता येतो. कोरडं खाणं ही कॉर्नवॉलची अडचण होती, तिला तिथल्या लोकांनी नियम करून टाकलं. आणि तो नियमही त्यांच्याबरोबर फार लांब टिकला नाही. 1820 च्या दशकात कॉर्नवॉलचे खाणकामगार मेक्सिकोत रिआल देल मोन्तेच्या चांदीच्या खाणींवर गेले, सोबत पास्टी घेऊन. तिथल्या लोकांनी तिच्यात मिरची घातली, मोले नावाचा आपला मसालेदार रस्साच आत भरला, आणि आज त्या गावात पास्टीचा उत्सव भरतो. त्यांनी रस्सा आत घातला, आम्ही बाहेरून घालू; फरक दिशेचा आहे.

वहिनींनी त्याच संध्याकाळी निकाल लावला, आणि तो मला मान्य आहे. पास्टी खोलगट ताटलीत ठेवावी, मधोमध फोडावी, वरून कढत तर्री सोडावी. बाजूला कांदा आणि लिंबू. कच्चं सारण भरण्याचा हट्ट धरू नये. मुळा अजिबात घालू नये. आणि कुणी काटाचमचा मागितलाच तर देऊ नये. त्या बाबतीत कॉर्नवॉल बरोबर आहे.