बीड ते परळी: कुईच्या मागावर

मोटारीच्या स्पीकरमधली कुई इंजिन बंद असलेल्या गाडीत सहसा सापडत नाही. तिला रेस लागते, आणि चढावर ती आपोआप मिळते. त्यामुळे श्रावणी सोमवारी परळीच्या वैजनाथाला निघालेल्या गाडीने वडवणी-तेलगावचा जवळचा रस्ता सोडून मांजरसुंब्याचा घाट धरावा. घाटात गिअर उतरतो, इंजिनाची रेस वाढते आणि भजनाच्या वर एक बारीक सूर चढू लागतो. रेससोबत चढणारा-उतरणारा सूर डायनामोचा. बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास वीज पुरवताना तिच्यातली थरथर अर्थिंगच्या किंवा सिग्नलच्या वायरीतून ॲम्प्लिफायरमध्ये शिरते.

मागच्या सीटवर एक तज्ज्ञ असतोच, बहुधा मेव्हणा. त्याच्या मते दोष परळीच्या थर्मल वीजकेंद्राचा आणि उपाय आवाज वाढवण्याचा. खरे तर आवाज शून्यावर आणावा. तरीही कुई राहिली तर दोष टेपच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे; गेली तर अलीकडे. नेकनूरला चहाच्या टपरीवर इंजिन चालू ठेवून, रेस देत मोबाईलचा चार्जर उपटून पाहावा. ऑक्स वायर आणि चार्जर दोन्ही जोडले की अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि त्या फेऱ्यात कुई फिरते. चार्जर काढताच शांतता झाली तर ब्लूटूथ वापरावे. टिकटिक स्पार्क प्लगची असू शकते. डिझेल गाडीत तो प्लग नसतो, हे मेव्हण्याला सांगून उपयोग होत नाही.

अंबाजोगाईच्या गॅरेजात ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगचा सीटखालचा बोल्ट खोलला की बहुतेक उलगडा होतो. अर्थिंगच्या रिंगेखाली कारखान्याचा रंग जसाच्या तसा, आणि रंगातून वीज जात नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, रिंग थेट पत्र्याला टेकवायची, बोल्ट आवळायचा, वरून ग्रीसचा हात फिरवायचा. मग मॅट उचलायची. सिग्नलची वायर पॉवरच्या जाड वायरीला बिलगून झोपलेली असते; सासू-सुनेसारखे त्यांना वेगळ्या बाजूंना नांदवायचे, आणि ओलांडावेच लागले तर काटकोनात. फिल्टर विकत घेणे हा शेवटचा उपाय, तरी दुकानात तो सगळ्यात आधी पुढे येतो.

कुई गेली, पण ढोलकीच्या ठेक्यावर दाराचा पत्रा खडखडत असेल तर तळवा दाबून पाहावा. थांबला तर स्क्रू सैल.

परळीजवळ उच्च दाबाच्या तारांखाली मध्यम लहरींचा रेडिओ घुमू लागतो. इथे मेव्हण्याचे खरे ठरते. गाडी तारांपासून दूर गेली की हा घुमारा आपोआप थांबतो, तेव्हा तेवढ्यासाठी पुन्हा मॅट उचलू नये.