‘मोठी नको, काका’

व्यावसायिक प्रतीची चेन सॉ विकणाऱ्या दुकानदाराचे निम्मे काम ती न विकण्याचे असते. व्यापाराच्या इतर शाखांत हा प्रकार सहसा आढळत नाही. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाने पैठणी मागितली, तर ‘तुम्हाला इरकल पुरेल’ असे कोणी सांगत नाही. एखाद्या नव्या पोऱ्याने सांगितलेच, तर मालक त्याला संध्याकाळी आत बोलावतो. चेन सॉच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाने मोठ्या मशीनकडे बोट केले, की विक्रेता आधी त्याच्या तळहाताकडे पाहतो, मग पायांतल्या चपलांकडे, आणि मग खुर्ची पुढे सरकवतो. खुर्ची सरकवणे हे नकाराचे पहिले लक्षण होय. चहा मागवणे हे दुसरे.

कोकणात या यंत्राला चेन सॉ कमी आणि ‘कटर’ किंवा नुसते ‘मशीन’ जास्त म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. या दोन वादळांनी एक गोष्ट लोकांच्या मनावर पक्की बिंबवली: कुऱ्हाडीला जे झाड दिवसभर पुरते, ते मशीनवाला तासाभरात बाजूला करतो. निरीक्षण बरोबर होते. चूक पुढच्या पायरीवर झाली. ‘मशीनवाला’ या शब्दातला ‘वाला’ हळूहळू गळून गेला आणि नुसती मशीन लक्षात राहिली. विक्रेत्याचा सगळा खटाटोप हा ‘वाला’ परत जागेवर बसवण्याचा असतो.

यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. घरगुती चेन सॉचे इंजिन साधारण ३० ते ३५ सीसीचे असते आणि तिचे वजन चार-साडेचार किलो भरते. लाकूडतोडीच्या ठेक्यावर चालणारी मशीन ७० सीसीच्या पुढे जाते. ९० सीसीच्या वरच्याही मिळतात. हिरो स्प्लेंडर ही मोटारसायकल ९७ सीसीची आहे, यावरून कल्पना यावी. फरक एवढाच, की स्प्लेंडरचे इंजिन शंभर किलोंहून जड गाडीत घट्ट बोल्टांनी आवळलेले असते आणि तिच्यावर बसायचे असते. इथे जवळपास तेवढीच ताकद सात-साडेसात किलोंत कोंबलेली असून ती हातात धरायची असते. हे सात-साडेसात किलोही पट्टी, साखळी, पेट्रोल आणि ऑइल वगळून सांगितलेले असतात; स्थळ सांगताना मुलाचा पगार जसा घराचा हप्ता वगळून सांगतात, तसे.

वास्तविक ‘व्यावसायिक’ हे विशेषण आकाराला नसून बांधणीला आहे. इंजिनाचे कवच प्लॅस्टिकऐवजी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, भाग सुटे करून बदलता येतात, आणि मशीन दिवसभर, रोज, वर्षानुवर्षे चालावी असा हिशेब असतो. त्यामुळे लहान आकाराचीही व्यावसायिक मशीन असते. पण हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो. लहान म्हणजे घरगुती आणि मोठी म्हणजे खरी, असे त्याचे वर्गीकरण घरूनच ठरून आलेले असते.

या यंत्राचा इतिहास विक्रेत्याच्या बाजूचा आहे. दात असलेली साखळी ओढून कापण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी वापरात आणली, आणि ती लाकडासाठी नव्हे तर हाडासाठी, तेही अडलेल्या बाळंतपणात. ही माहिती बहुतेक गिऱ्हाइके ऐकतात आणि मशीनपासून अर्धा फूट मागे सरकतात. पुढे जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी चेन सॉ तयार केली. ती पेट्रोलची मशीन ४६ किलोंची होती आणि उचलायला दोन गडी लागत. त्या काळी गिऱ्हाइकाला परावृत्त करण्याची जबाबदारी दुकानदारावर नव्हती. ते काम मशीनचे वजनच करी. अमेरिकेत ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चावत ती सरळ पुढे जात होती. त्याने त्याच धर्तीवर साखळीचे दात घडवले. तेव्हापासून मशिनी हलक्या आणि वेगवान होत गेल्या, माणसे मात्र होती तशीच राहिली, आणि मधली दरी भरून काढायला विक्रेत्याला बोलके व्हावे लागले.

आता गिऱ्हाईक. तो बहुतेक वेळा मुंबईतून किंवा ठाण्यातून निवृत्त होऊन गावी आलेला, किंवा येण्याच्या बेतात असलेला चाकरमानी असतो. घर वडिलोपार्जित, मागे पाच-पंचवीस कलमे, दोन फणस, काही माड. मोबाइलवर त्याने कॅनडातल्या देवदाराच्या झाडावर मोठी मशीन चालताना पाहिलेली असते. माणूस हाडाचा सज्जन, हिशेबी आणि एका बाबतीत मात्र हट्टी असतो: ‘घ्यायची तर एकदाच, मोठीच घ्यायची.’ हे तत्त्व त्याने फ्रीजच्या बाबतीत पाळलेले असते आणि फ्रीजने त्याला कधी दगा दिलेला नसतो.

परावृत्त करण्याची पद्धत पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेली नाही, कारण या धंद्याला कोकणात अजून पिढ्या झालेल्या नाहीत. तरी ती जवळपास सगळीकडे सारखीच आढळते. सुरुवात प्रश्नाने होते.

‘काका, आठवड्यातनं किती दिवस झाडं कापणार?’

गिऱ्हाईक बोटे मोजू लागतो. एक आंबा वाळला आहे. एका फणसाची फांदी पागोळीवर येते. जळणाचे म्हणावे तर घरात गॅस आहे. मग तो वादळात पडलेल्या झाडांकडे वळतो, पण ती केव्हाच लाकूडवाल्याने नेलेली असतात. शेवटी ‘पुढं-मागं लागेलच की’ या उत्तरावर गाडी थांबते. विक्रेता मान हलवतो. पुढं-मागं हा काळ कुठल्याच मशीनला मानवत नाही.

याचे कारण पेट्रोल. या मशिनीचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्याला वेगळ्या ऑइलची टाकी नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचे असते, चांगले टू-टी ऑइल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. स्कूटरच्या जमान्यात हे ज्ञान पेट्रोल पंपावरच्या पोराकडेही होते; आता ते माणसाबरोबर निवृत्त होत चालले आहे. नुसते पेट्रोल घातले, तर मशीन काही मिनिटे अत्यंत उत्साहाने चालते आणि मग पिस्टन सिलिंडरला चिकटतो. ‘चांगली चालत होती, एकदम बंद पडली’ हे वाक्य विक्रेत्याने इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते पूर्ण होण्याआधीच तो सायलेन्सर खोलून पिस्टनवरचे उभे ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवतो. हे वॉरंटीत बसत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. शिमग्याला भरलेली टाकी गणपतीला उघडली, तर तिच्यात पेट्रोलपेक्षा पावसाळा जास्त भरतो. कारब्युरेटरची भोके केसासारखी बारीक असतात, आणि चाकरमान्याचे कॅलेंडर त्यांना सोसत नाही.

दुसरा टप्पा मशीन हातात देण्याचा. ती बंद असते. विक्रेता नुसते म्हणतो, ‘धरा, आणि चहा येईपर्यंत खाली ठेवू नका.’ कित्येक व्यवहार इथेच संपतात. उरलेल्यांना दोरी ओढायला सांगितले जाते. खेचायची रीत अशी की मशीन जमिनीवर ठेवावी, साखळीचा ब्रेक लावलेला असावा, मागच्या मुठीत बुटाचा पुढचा भाग अडकवावा, डाव्या हाताने पुढची मूठ दाबावी आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. इथे चपलेचा संबंध येतो. मोबाइलवरचा माणूस मशीन हवेत धरून झटक्यात सुरू करतो. ते करू नये, असे कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. पुस्तिका मात्र वेष्टनातच राहते.

तिसरा टप्पा धार. हा विषय विक्रेत्याच्या आवडीचा असून इथे त्याला आवरणे कठीण जाते. साखळीचा प्रत्येक दात गोल कानशीने, ठरलेल्या कोनात, सारख्याच घासांत घासावा लागतो. एका बाजूला जास्त घास पडले तर काप वाकडा जातो. व्यवसाय करणारे लोक जवळजवळ दर टाकीला कानस फिरवतात. धारेची परीक्षा सोपी आहे: धार असेल तर लाकडाचे जाड कपरे उडतात, गेली असेल तर पिठासारखा भुसा पडतो. भुसा पडू लागल्यावर अननुभवी माणूस मशीन जोराने दाबतो, मग पट्टी तापते, मग धूर येतो, आणि तो मशीन कमी ताकदीची निघाली असा निष्कर्ष काढतो. धार जायला फार काही लागत नाही. जमिनीवरचा ओंडका कापताना साखळी खालच्या जांभ्याला एकदा टेकली, की पुरे. कुंपणाची तार आंब्याने कधीकाळी पोटात घेतलेली असते, ती वेगळीच.

चौथा टप्पा दुकानदार आवाज खाली आणून घेतो. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, तर दात लाकडात न शिरता अडकतो आणि सगळी पट्टी धरणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. माणसाला काय झाले हे कळण्याआधी ते होऊन गेलेले असते. डाव्या मुठीपुढचा आडवा दांडा मनगटाच्या धक्क्याने किंवा झटक्यानेच साखळी थांबवतो. तो १९७० च्या दशकात सर्रास आला. मोठ्या मशीनवर बहुधा व्यावसायिकांची उघड्या दातांची साखळी असते, ती जोरात कापते आणि जोरातच उसळते. घरगुती मशीनला उसळी कमी करणारी साखळी मिळते. हेल्मेट, जाळी, कानपट्ट्या, मांडीवर धागे गुंतवून साखळी अडवणारी पँट, पोलादी टोकाचे बूट यांची यादी विक्रेता वाचतो. गिऱ्हाईक विचारतो, ‘हे सगळं मशीनबरोबर फ्री आहे ना?’ विक्रेता चहाचा शेवटचा घोट घेतो.

कायदा हा शेवटचा हुकमाचा पत्ता, आणि तो थोडक्यात उतरवला जातो. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत सोळा प्रकारची झाडे आहेत. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, किंजळ, ऐन ही सारी त्यात येतात. स्वतःच्या जमिनीवरची असली तरी परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. ही नावे वगळल्यावर गिऱ्हाइकाच्या परसात बहुतेक माडच उरतात. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असून त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. माड कापणे म्हणजे साखळीने कानशीलाच धार लावत बसणे. विक्रेता हे सांगतो तेव्हा गिऱ्हाइकाकडे तोडण्याजोगे एकही झाड शिल्लक राहिलेले नसते, आणि मशीन अजून फळीवर असते.

एवढे सगळे तो कशासाठी करतो, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्यात परोपकार थोडा आहे, पण मुख्य भाग गणिताचा आहे. मोठी मशीन एकदा विकली जाते आणि दहा वेळा परत येते. दर वेळी तिच्याबरोबर गिऱ्हाईक, त्याचा मेव्हणा आणि ‘तुम्ही आम्हाला काय दिलंत हे’ हे वाक्य येते. तालुक्याच्या बाजारपेठेत दुकान एकच असते आणि एस.टी. स्टँड समोरच असतो. नाव जायला वेळ लागत नाही. घरगुती मशीन घेतलेला माणूस मात्र वर्षातून दोनदा येतो, साखळी आणि ऑइल नेतो आणि जाताना ‘तुमचं ऐकलं ते बरं झालं’ म्हणतो.

खऱ्या व्यावसायिकापुढे हाच विक्रेता एकदम अबोल होतो. ठेक्यावर झाडे तोडणारा गडी येतो, मशीन पुढच्या मुठीने उचलतो, पट्टी आपोआप मागे वळवतो आणि अश्वशक्तीबद्दल एक अक्षरही विचारत नाही. तो विचारतो स्प्रॉकेट कितीला, दोरी सुटी मिळते का, आणि रविवारी दुकान उघडे असते का. त्याला खुर्ची दिली जात नाही. चहाही नाही.

हट्टी गिऱ्हाइकाचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. दहांतले काही मोठीच मशीन नेतात, इथून नाही तर दुसऱ्या गावातून. ती पहिल्या दिवशी वाळक्या आंब्यावर चालते, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना दाखवली जाते आणि नंतर पडवीत आंब्याच्या पेट्यांमागे उभी राहते. वर्ष-दीड वर्षाने ती ‘विकून द्या कोणाला तरी’ म्हणून त्याच विक्रेत्याकडे येते. तो ती पुसून कोपऱ्यात ठेवतो आणि ठेकेदाराला फोन करतो. ठेकेदार भाव पाडून ती घेऊन जातो. तिच्याबरोबर आलेल्या हेल्मेटवरचे प्लॅस्टिक तोपर्यंत निघालेले नसते.