बदलून आलेले बागवान

महामार्गावरच्या लाखनीत बँकेचा, बांधकामाचा नाहीतर कुठल्या तरी खात्याचा साहेब अधूनमधून बदलून येतोच. त्यातला कोकणातला ओळखायला सोपा. ट्रकमधून आधी कुंड्या उतरतात आणि तोवर बाईसाहेब अंगणात उभ्याच. हापूसचं कलम, सुपारी, जायफळ, अँथुरियम. "याला काही नको, फक्त दमट हवा," साहेब हमालांना बजावतात.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भंडारा जिल्ह्यात त्याच्या निम्माही नाही. आकडे साहेबांना पाठ. पण रोपांना सांगायचं धाडस कोण करणार? पावसाळाभर रोपंही गप्प राहतात. मग थंडी पडते आणि सुपारीची पानं टोकांकडून तांबूस व्हायला लागतात. साहेब म्हणतात, "रुळते आहे."

खरी गंमत उन्हाळ्यात. पारा पंचेचाळिशीला टेकला, की अँथुरियमचा मुक्काम बैठकीत, कूलरसमोर. वाळ्याच्या ताट्यांचा पहिला गारवा त्याला, उरला तर पाहुण्यांना. शेजारचे काका दारातून डोकावतात. "का जी साहेब, झाडाले बी कूलर लावून राहिले का?" साहेब त्यांना आर्द्रतेवर व्याख्यान देतात. काका "हो जी, हो जी" करत पूर्ण ऐकतात. इकडच्या माणसांच्या सभ्यतेला तोड नाही.

कलमाच्या बुडाशी तणस पसरा, ओल टिकते, हे काकांनीच सुचवलेलं. साहेबांनी इतकी तणस पसरली की वाळवीनं बिऱ्हाड थाटलं. दोष अर्थात मातीचा. कन्हार चिकट, मोरांड अशी, खरडी तशी, आणि 'आमच्याकडची' जांभी माती म्हणजे काय सांगावं! (तिकडे असताना हेच गृहस्थ त्या मातीला कातळ म्हणून शिव्या घालत होते, असं बाईसाहेब हळूच सांगतात.) नवतप्यात हापूसनं मान टाकली. त्या दिवशी साहेबांनी अर्धी रजा घेतली.

कुंपणाच्या पलीकडे काकूंचा वालाचा वेल मांडवावर चढलेला असतो. थंडीत भेदरं आणि वांगी तर वाटून संपत नाहीत. साहेब ती आवडीनं खातात, पण बाग म्हणून त्यांची दखल घेत नाहीत. बागेत कष्ट दिसले पाहिजेत, हे त्यांचं तत्त्व.

एका डिसेंबरात काका त्यांना आपली बांधी दाखवायला घेऊन गेले. धान कापून झालेलं, आणि सगळीकडे हिरवीगार लाखोळी. उभ्या धानातच बी फेकलेलं; उरल्या ओलीवर ती आपली आपण वाढते. साहेब वाकून बराच वेळ न्याहाळत राहिले.

"पाणी किती दिवसांआड देता?"

"पानी? कायले जी?"

घरी येऊन साहेबांनी बागेच्या वहीत नोंद केली : 'स्थानिक शेतकरी सिंचनाबाबत उदासीन.'